चोर कोण ते सांगू नकोस

सीमू,

तू शाळेत असताना ध्रुवचे कपडे न्यायला घरी येऊन गेले. वरणभात झाकून ठेवलाय, गरम करून जेव. संध्याकाळी शंतनुकाका तुला इस्पितळात घेऊन येईल. येताना ती चार हुशार मुलांची रहस्यकथा आण, हरवलेल्या घंटेची.

काल ध्रुव त्याच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाला, "आई, ताई से पूछ लेना, चोर कौन है. मुझसे अब पूरी नहीं पढ़ी जाएगी." जो शेवट फोडेल त्याची तीळगुळाची गजक जप्त, हा तुमचा नियमही त्याला आठवला. म्हणे, "ताई की सजा माफ. मेरी वाली गजक भी उसी की." मी हसले, आणि बाटली भरायच्या निमित्ताने बाहेर गेले.

डॉक्टर काय म्हणाले ते काकाला विचारू नकोस, मीच सांगेन तुला.

तू आलीस की तो लगेच चोर विचारेल. सांगू नकोस, राणी. जवळ बसून वाचून दाखव. रोज एकच प्रकरण, त्याने कितीही हट्ट केला तरी एकच. पुढे काय झालं ते ऐकायला तो उद्याची वाट बघेल.

आई