सावित्रीची घुमटी

तोंडवली, ता. मालवण
माघ वद्य पंचमी, शके १८८४
बुधवार, १३ फेब्रुवारी १९६३

चि. गुरुदास यास अक्काचे अनेक आशीर्वाद. सौ. आनंदीला आणि मुलांना पोटभर आशीर्वाद. इकडे सारे खुशाल, तिकडची खुशाली कळवावी.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. शाळेच्या तपासणीमुळे उत्तराला उशीर झाला असं लिहिणार होते. पण तपासणी केव्हाच आटोपली, साहेब आपल्याकडे जेवूनही गेले, तेव्हा खोटं कशाला? उत्तर सुचत नव्हतं म्हणून उशीर झाला.

आंब्याला मोहर बरा धरला आहे. सुरंगी फुलली आहे आणि शेजारची मथुरा रोज पहाटे झाडाखाली चादर पसरून कळे गोळा करते. विहिरीचा रहाट नवा केला. गाय अजून गाभण राहत नाही, तिच्या मनात काय आहे कोण जाणे.

घुमटीचं विचारलं आहेस. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने आईच्या नावाने आपल्या घरापुढच्या खळ्यात घुमटी बांधायचं ठरवलं, चैत्रात तिच्या वर्षश्राद्धानंतर आत पाषाण बसवायचा, आणि मी फक्त जागा दाखवायची. मेस्त्री येऊन गेला. त्याला चहा पाजला, चिऱ्यांच्या भावावर गप्पा मारल्या, आणि जागा काही दाखवली नाही. का, तेच लिहायला बसले आहे. पण आईचा विषय निघाला की मन भलतीकडेच पळतं.

तिचे आधीचे हात आठवतात का रे तुला? चवथीला फुगडीसाठी तिच्या हातात हात द्यायला बायका कचरायच्या, मनगटं दुखवून ठेवायची ती. तांदळाच्या शिरवाळ्यांचा साचा दाबायला दोन बाप्ये लागतात म्हणतात, ती एकटी दाबायची आणि वर तुला ओरडायची. पेडव्यांचे काटे तर ती तोंडातल्या तोंडात असे वेगळे काढी की अप्पा म्हणायचे, "मांजरान हिच्याकडसून शिकाक व्हया."

मग तिचा उजवा अंगठा हलायला लागला. आम्हाला वाटायचं, समईची वात वळते आहे. बावन्न सालच्या दसऱ्याला देवळात, लुगडी नेसवलेले तरंग, देवाचे खांब, बाहेर निघाले आणि बायका ओट्या घेऊन उभ्या राहिल्या. आईच्या हातातलं ताट थरथरलं, तांदूळ सांडले, आणि म्हातारी रुक्मिणी म्हणाली, "गो, सावित्रीक अवसर इलो. वाट सोडा तिका."

आई म्हणत होती, "अवसर खंयचो? हात माझो आयकत नाय." पण तोवर तिचा आवाज इतका बारीक झाला होता की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नाही. देवी अंगात आली म्हणून लोकांनी तिच्याच पायाशी नारळ ठेवला.

पुढे चेहरा थिजला, पापणी लवेनाशी झाली. गावाला तिच्यात देवळातला मुखवटा दिसू लागला. दर मंगळवारी बायका ओटी घेऊन येत आणि ती बिचारी अवघडून बसून राही. कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असलं तर एवढंच म्हणायची, "दाक्तराक दाखय." देवीचीच आज्ञा, म्हणून लोक खरंच मालवणला डॉक्टरकडे जात. देवीने मासे खायचे नाहीत असंही कुणीतरी ठरवून टाकलं. त्याचा मात्र तिला मनापासून राग होता. "माका देव केल्यानी आणि माझे पेडवे बंद केल्यानी," ती मला म्हणायची. मग मी स्वयंपाकघराचं दार लोटून काटे काढून तिला भरवायची. चेहऱ्यावर हसू उमटायचं नाही, पण ती हसते आहे हे मला कळायचं. त्या दाराआडच्या जेवणांइतकं सुख मला कशातच मिळालं नाही.

आता तो मंगळवार. छपन्न सालचा. तू मुंबईहून अप्पांना लिहिलं होतंस की लग्न करीन तर दाजींच्या आनंदीशी. अप्पा आणि दाजी हद्दीच्या गडग्यावरच्या दोन माडांपायी कोर्टात भांडत होते. अप्पांनी तुझं पत्र चुलीत घातलं आणि घरात तुझं नाव घ्यायचं नाही म्हणून बजावलं. पुढचं तुला माहीत आहे ते इतकंच, की देवीने कौल दिला आणि अप्पा नमले. तू जोडीने देवीची ओटी भरलीस, आणि अजून दरवर्षी येऊन भरतोस.

गुरुदास, त्या दिवशी देवी आली नव्हती.

मी आईच्या शेजारीच बसले होते. खळं माणसांनी भरलं होतं. अप्पा नारळ घेऊन पुढे आले आणि आईने मान वर केली. कुठून आणला कोण जाणे, पण मोठा आवाज काढला. "आयक," ती म्हणाली. "दाजीचा चेडू ह्या घरात सून म्हणान हाड. गडग्याचो तंटो सोड." उभ्या संसारात तिने अप्पांना 'तुमी' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. माणसं एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा." मॅजिस्ट्रेटला न जुमानणारे अप्पा तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाले, "तुझ्या शब्दाभायर नाय, आई."

दुपारी दार लोटून मी जेवायला घातलं, तेव्हा ती घास घेईना. मला वाटलं दमली. मग म्हणाली, "देवी खंयची गो? मीच बोललंय. झिल माझो परत येवचो नाय असा वाटला." जरा वेळाने म्हणाली, "तिका राग येयत?" तिनेच उत्तर दिलं, "येवंदे. ती पण पोरांची आवसच मां. तू कोणाक सांगा नको."

सांगितलं नाही. आज सांगते, आणि पुढचं सांगायचं नव्हतं तेही सांगते.

त्याच महिन्यात अप्पा तिला बोटीने मुंबईला नेणार होते. डॉक्टर तूच, लग्नाच्या त्या पत्राआधी, ठरवला होतास. त्या मंगळवारनंतर अप्पांनी बेत मोडला. ज्या तोंडाने देवी बोलली त्या तोंडात औषध घालायचं नाही म्हणाले. तूही लग्नाच्या आनंदात लिहिलंस, देवीच्या मनात असेल तसं होऊ द्या. तुमचं लग्न होऊन काही महिने गेल्यावर मी आईला म्हटलं, मी अप्पांना खरं सांगते. ती म्हणाली, "आनंदीक दिवस गेलेत. आता काय बोला नको." अप्पा गेल्यावर मी तिला कोल्हापूरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हा कंपवात, बरा झाला नसताच. पण वेळेवर औषध सुरू झालं असतं तर बरीच वर्षं स्वतःच्या हाताने जेवल्या असत्या. आई समोर बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "तू भरवतंस तां काय वायट आसा?"

तुला टोचावं म्हणून हे लिहीत नाही, असं लिहायची रीत आहे. पण थोडं टोचावं असं मला वाटतं. आनंदीला मात्र टोचू नये. तिच्यावर आईचा जीव होता, आणि तिला सून करून घेतल्याचा पस्तावा आईला शेवटपर्यंत झाला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आता घुमटीचं. मथुरेच्या सासूचा हात हल्ली हलायला लागला आहे. मी डॉक्टरचं नाव काढलं तर मथुरा म्हणते, "घुमटी होवंदे, मगे तिका थंयच बसवतलंव. औषद कित्याक?" म्हातारी माझ्याकडे नुसती बघत राहिली. ती नजर मी घरात वर्षानुवर्षं पाहिली आहे. मथुरा ऐको न ऐको, सोमवारी मी म्हातारीला मालवणला नेणार आहे, आणि मेस्त्रीला जागा दाखवणार नाही. घुमटी उभी राहिली तर गाव आत देवी बसवील, नारळ फोडील, आणि देवाला भिणारी, तरी पोरासाठी देवीच्या तोंडाने खोटं बोललेली सावित्री नावाची बाई कुठेच उरणार नाही. ते मला सोसणार नाही.

पण हे घर तुझंही आहे, आई तुझीही होती. म्हणून मंडळाला मी काही कळवलेलं नाही. हे पत्र आनंदीला तू स्वतः वाचून दाखव आणि मग दोघं मिळून मंडळाला काय लिहायचं ते लिहा. वर्षश्राद्धाला मुलांना घेऊन या. देवीचे उपकार तू पुष्कळ मानलेस रे. आईचे अजून एकदाही मानलेले नाहीस, कारण तुला ठाऊकच नव्हते. आता ठाऊक झाले.

सावित्रीची लेक,
तुझी अक्का