छबूकडं बघा

तलवाडा,
भाद्रपद, २०१९

प्रिय चतुरा,

पत्र बघून तुला वाटलं असेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलं-बिलं नाही, हे आधी सांगते. फोन करता आला असता, पण तुमचा फोन असतो तुझ्या लेकाच्या खिशात, आणि गहिनीनाथ तो दिला तरी स्पीकर लावून देतो. मग आपण पावसाचं आणि जनावरांचं बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून शेजारच्या सारजाबाईच्या हाती हे पत्र देतेय, ती लेकीकडं आष्टीला निघाली आहे. तू चौथीपर्यंत शिकलीस, सावकाश वाचशील. घरात वाचू नकोस, रानात जाऊन वाच. सारजाबाईनं तुझ्या घरची एक बातमी मला सांगितली. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, आधी माझं ऐकून घे.

तर मी वजन कमी करायचं ऑपरेशन करायचं म्हणतेय. हस, मनसोक्त हस, मग पुढं वाच. गहिनीनाथाच्या लग्नात तू मला पाहिलंस, त्याच्या दीडपट झालेय मी. खाली बसले की उठवायला दोन माणसं लागतात. शुगर गोळ्यांना ऐकत नाही. झोपेत घोरता घोरता श्वासच अडकतो. नात सगळ्यांना सांगते, "आजी झोपीत मरती आन् परत उठती." आम्ही खूप हसलो, पण बीडच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. अशाच राहिलात तर एक दिवस उठायचं राहून जाईल, असं तोंडावर म्हणाले आणि औरंगाबादच्या एका डॉक्टरीणबाईंच्या नावानं चिठ्ठी दिली.

आणि तू मला चिपाड म्हणायचीस, आठवतं का गं! कृष्णाकाठच्या साखर कारखान्यावर आपली ऊसतोडीची टोळी उतरली त्या पहिल्या वर्षी मी इतकी वाळकी होते, की मी डोक्यावर मोळी घेतली की नुसती मोळीच चालत निघालीय असं वाटायचं. ट्रकला लावलेल्या फळीवर तू पुढं, मी मागं. वर पोचलीस की ओरडायचीस, "ये चिपाडा, वारं सुटलंय, उडून जाशील!" संध्याकाळी आपल्या पाचटाच्या कोपीपुढं तीन दगडांची चूल, पाचटाचा जाळ, आणि भाकरीवर लाल तिखटात कालवलेलं तेल. गुऱ्हाळावरून तू पदराआड गुळाचा खडा आणायचीस आणि अर्धा मला द्यायचीस. अर्ध्यापेक्षा कमीच द्यायचीस, पण जाऊ दे. इकडं गावात टँकर चालू असायचे आणि आपण तिकडं पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचो. एवढं वाहतं पाणी बघून तुला आधी रडू आलं होतं. कंबर मोडून जायची, हाताला चिरे पडायचे, सगळं खरं. तरी ते दिवस आठवले की माझा जीव आपोआप हलका होतो. भरल्या घरात आता तसं होत नाही.

ऊस सुटला तो दूध संस्थेमुळं. तुम्ही तुझ्या माहेराकडं, आष्टीला राहायला गेलात त्याच साली आमचे हे केंद्रावर दूध मोजायला बसले. मग सचिव झाले, आणि आता चेअरमन आहेत. माझा कोयता माळ्यावर गेला. भाकऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या. उपास काढलेली बाई ताटात कसं टाकणार? नातवंडांचं उष्टं, ह्यांचं उरलेलं, रातची शिळी भाकरी, सगळं माझ्याच पोटात. लोक म्हणायचे, चेअरमनीणबाई शोभती. आपल्या कोरड्या मुलखात बाईच्या अंगावर मांस दिसलं की घरात कणगी भरलेली आहे असं धरतात. ह्यांनाही ते बरं वाटायचं. यंदा पोळा झाला तरी पाऊस नाही, जनावरं अजून छावणीतच आहेत, संस्थेचे कॅन निम्मे रिकामे जातात. पण माझ्याकडं बघून संस्था अडचणीत आहे असं कुणी म्हणणार नाही!

डॉक्टरीणबाई वयानं आपल्या लेकीएवढ्या. मला वाटलं, वजन करतील, ओरडतील आणि तारीख देतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि काय खाता, कधी खाता, कुणाबरोबर खाता, असं विचारत बसल्या. मी म्हटलं, सगळ्यांचं झालं की एकटी. मग त्यांनी विचारलं, आधी कुठलं ऑपरेशन झालंय का? मी म्हटलं, काही नाही, फक्त पिशवी काढलीय. 'फक्त' म्हटलं मी, चतुरा. आपल्याकडं गर्भाची पिशवी काढल्याचं बाया दाढ काढल्यासारखं सांगतात ना, तसं. कितव्या वर्षी, तर तिशीच्या आत. कशासाठी, तर अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, आणि कॅन्सर होईल असं तिथले डॉक्टर म्हणाले. तपासण्या काय केल्या होत्या, ते मला आठवेना. तुम्ही त्यांना काय विचारलं होतं, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरला काय इचारायचं असतंय व्हय?"

मग त्यांनी सोनोग्राफी करून घेतली आणि मला समजावून सांगितलं. माझ्या पिशवीबरोबर बीजांडंही काढलेली आहेत. बाईची हाडं आणि अंग राखणारा रस त्यांच्यातून येतो, तो माझा ऐन उमेदीत बंद झाला. म्हणून ती अंगाची लाही, म्हणून कंबर लवकर गेली, आणि वजन वाढण्यातही त्याचा हात आहे. सगळा दोष त्याचाच नाही, खाणं आणि बसून राहणं आहेच, हेही त्या स्पष्ट बोलल्या. मी नुसती मान हलवत होते.

परत येताना एसटीत मला आपला तो टेम्पो आठवत राहिला. दसऱ्याच्या तोंडावरची गोष्ट, गाड्या निघायच्या आधीची. आपण दोघी, दगडाबाई, वस्तीवरच्या आणखी काहीजणी. पाळी आली म्हणून फडावर गेलं नाही तर खाडा पडायचा, मुकादम दंड लावायचा, आणि फडात ना आडोसा ना पाणी. त्यातून सुटायचं म्हणून आपण जत्रेला निघाल्यासारख्या निघालो. शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला आयता चहा देत होतं. तू म्हणालीस, "सुटलो बाई, आता खाडा न्हाई का दंड न्हाई." येताना टेम्पोत तू एकेकीच्या नवऱ्यावर ओव्या रचून म्हणत होतीस आणि टाके दुखतात, हसवू नको, म्हणून दगडाबाई तुला शिव्या देत होती. टाके धड सुकले नाहीत तोच आपण फडात होतो. तरी ती आठवण मी इतकी वर्षं आनंदाची म्हणून जपली होती. त्या दिवशी एसटीत तिच्यासाठीच रडले, आणि रडता रडता तुझी एक ओवी आठवून हसलेही. शेजारची बाई घाबरून उठून दुसरीकडं बसली.

पुढच्या खेपेला प्रश्न घेऊन या, प्रश्न संपल्याशिवाय मी सही घेणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं. मग मी चुलीपुढं बसून प्रश्नच जमवत होते, आणि गेल्यावर एकेक करून विचारले. भाकरी खाता येईल का? येईल, पण आधी बरेच दिवस पातळ, आणि नंतर चार घास, चावून चावून. ठेचा? बाई हसल्या, म्हणाल्या, बघू. कुणाच्या तेराव्याला पंगतीत आग्रह झाला तर? ताटावर हात आडवा धरायला शिका. कातडी लोंबेल? लोंबेल. जिवाला धोका? थोडा आहे, आणि तो त्यांनी लपवला नाही. जठर कापून केळ्याएवढं ठेवतात, जोडलेल्या जागी गळती झाली तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. गोळ्या जन्मभर, माझ्या हाडांमुळं मला जरा जास्तच. शेवटी मी भीत भीत विचारलं, आणि मी नको म्हटलं तर? त्या म्हणाल्या, नको म्हणालात तरी मी तुम्हाला तपासत राहीन. औषधं, खाणं, चालणं यांनी होईल तेवढं करू. डॉक्टरला नको म्हणता येतं, हे मला आता सून-नातवंडं झाल्यावर कळलं बघ.

घरी मात्र भडका उडाला. हे म्हणाले, "धडधाकट बाईचं पोट कावून कापायचं? लोक म्हणतील, चेअरमनला बायकू पोसंना." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तवा धडधाकट बाईचं पोट कापायला टेम्पो तुमीच ठरवलता की!" ते चप्पल घालून केंद्रावर निघून गेले. संध्याकाळी परत आले, पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, "मी बी काय इचारलं न्हवतं गं डॉक्टरला." वाईट माणूस नाही तो, तुला माहीत आहे. मागच्या खेपेला माझ्याबरोबर आले आणि दुधाचं फॅट बघावं तसं बारीक बारीक विचारून बाईंना भंडावून सोडलं. आता मी हो म्हटलंय. दिवाळी झाल्यावर ऑपरेशन आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण या वेळी माझं हो मी स्वतः म्हटलंय.

आता सारजाबाईनं सांगितलेली बातमी. तुझी सून शिवकन्या, अजून पंचविशीतही नाही. तिचं ओटीपोट दुखतं, पांढरं जातं, आणि टोळी निघायच्या आत तिची पिशवी काढून घ्यायचं तू ठरवलंयस. पोर घाबरली, नको म्हणाली, तेव्हा तू घरात सगळ्यांपुढं म्हणालीस म्हणे, "आमी काढली, आमचं काय बिघडलं? छबूकडं बघा, कशी टंच झाली हाय." चतुरा, मला तुझा राग आला नाही. मीही कालपर्यंत हेच म्हटलं असतं. पण तू ज्या अंगाकडं बोट दाखवतेस, त्याच्या आत काय काय झालंय ते तुला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. मी बाईंना शिवकन्याबद्दल विचारलं. असलं दुखणं पुष्कळदा साध्या औषधांनी जातं, आधी तपासलं पाहिजे, म्हणाल्या. त्यांच्याच दवाखान्यात बायकांच्या डॉक्टर बसतात. मी येत्या सोमवारी जाणार आहे. तू शिवकन्याला घेऊन औरंगाबादच्या स्टँडवर ये, मी बाकावर बसून असेन, मला शोधावं लागणार नाही. मुकादमाची गाडी गेली तर जाऊ दे, दुसरी मिळेल. तिथं तू बोलू नकोस, मी बोलणार नाही, जे विचारायचं ते त्या पोरीला विचारू दे. आणि एवढं वाचूनही तुझा हट्ट कायम असेल, तर माझं नाव घेऊन तिला टेबलावर झोपवू नकोस. तिला खरं काय ते सांग, की छबूला कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी तुम्हा दोघींची वाट बघणारी,
तुझीच
छबू