गडग्यातली पाल

मरोळ, ९ नोव्हेंबर

ती. कमळताईंना,
कल्पिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं बरं म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायला बसले. पेपरात तुमचा फोटो पाहिला. खाली छापलंय, फक्त आपल्या किनाऱ्यावर सापडणारी काटेरी खवल्यांची पाल कमळबाईंच्या गडग्यात. तो गडगा एकट्या कमळबाईंचा कधी झाला? चंदरदादांचं आणि ह्यांचं वाजलं तेव्हा अंगणाच्या मधोमध रचलेला, निम्मे दगड माझ्या नवऱ्याने वाहिलेले. पालीने काय तुमच्याच बाजूला तोंड काढलं?

राग फोटोचा नाही. खरं सांगायचं तर आहे. पण अपूर्वाचं लग्न डिसेंबरात, त्याआधी गडगा काढून दोन्ही अंगणांत मिळून मांडव घालायचा, हे दोघा भावांनी गणपतीत ठरवलं होतं. आता हे म्हणतात, वहिनी दगडाला हात लावू देत नाही. पुतणीपेक्षा पाल जवळची झाली का? माया उरली असेल तर मोकळं लिहा.

तुमची धाकटी जाऊ,
कल्पिता

मनोरी, १४ नोव्हेंबर

चि. सौ. कल्पितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना दाखवलं नाही, नाहीतर पुन्हा वाजलं असतं. दगडांच्या फटीत पालीची अंडी आहेत. पालींचा अभ्यास करायला येणाऱ्या कॉलेजच्या इरावतीने हात जोडून सांगितलं, पिल्लं निघेपर्यंत दगड हलवू नका. मी हो म्हटलं.

फोटो मला आवडला. एवढी वर्षं मासळीच्या पाट्या उचलल्या, कुणी नाव विचारलं नाही. ही पोर गडग्याशी बसते, चहा मागते, मला मावशी म्हणते. तुझ्याकडे मरोळचं घर आहे, दिवसभर नळाला पाणी आहे, अपूर्वा आहे. तुझ्याकडून निघताना दर वेळी माझ्या पोटात दुखतं, तेही आज लिहून टाकते. माझ्याकडे कुणी आलं ते या पालीमुळे. मांडव गडग्यावरूनच घालू. बोहलं कुठल्या बाजूला, ते तू ठरव.

रागाव, पण तुटू नकोस.
कमळ

मरोळ, १८ नोव्हेंबर

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अपूर्वाने वाचलं. रात्री म्हणाली, कन्यादानाला काका-काकी बसतील. मला आधी विचारलंसुद्धा नाही. मी भांडले, रडले, मग हो म्हटलं. बोहलं तुमच्या अंगणात बांधा.

लेक त्या दिवसापुरती तुमची. पाल मात्र निम्मी माझी, इरावतीला तसं लिहून घ्यायला सांगा.

लोभ आहेच, जरासा जळका.
कल्पिता