इलिंका अडीच तासांवर आहे

वालेया सेका,
१६ फेब्रुवारी

लाडक्या इलिंकाला,

तोआदेरदादाचे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. बर्फ खिडकीला टेकलाय, गाय आज-उद्या व्यायची आहे. मिनीबसवाला कोस्तिका रविवारी तुरिनला निघतोय, त्याच्याबरोबर डुकराचे सॉसेज, आलुबुखाराचा मुरंबा आणि हे पत्र पाठवतोय. सॉसेज तुझ्या म्हाताऱ्या बाईंना देऊ नकोस, लसूण जरा जास्तच झालाय. त्यांच्या मुलाने तुला अजून सुट्टी दिली नसेलच. रात्रंदिवस त्यांचं करायला दुसरी कोण मिळणार!

फोनवर हे बोलता येत नाही. फोन आईच्या उशाशी असतो, आणि तुझा आवाज आला की ती ठणठणीत असल्याचं सोंग करते. परवा तुला म्हणाली ना, कोंबड्यांना दाणे टाकतेय म्हणून? पलंगावरून म्हणाली. नाताळपासून ती उठलेली नाही.

पानगळीत ती सारखी रडायची, तुरिन जगाच्या टोकाला आहे म्हणून. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "अगं, याश शहरातून विमानाने अडीच तास. शेजारची पराश्किवा बाजार करून येईपर्यंत इलिंका दारात!" तिने ते धरूनच ठेवलं. आता डोक्यावरून विमान गेलं की म्हणते, "बघ, जवळच आहे पोरगी." विमान आठवड्यातून दोनदाच असतं, आणि आपल्याकडचा रस्ता बर्फाने कधीही बंद पडतो, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

मेणबत्तीचं तुला ठाऊकच आहे. जाणाऱ्याच्या हातात आपल्या माणसाने ती पेटती धरायची, नाहीतर पुढची वाट अंधारात. आईने तिची मेणबत्ती कपाटातून काढून उशीखाली ठेवली आहे. मंगळवारी दुपारी तिचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. मी घाबरून मेणबत्ती पेटवली, हातात द्यायला गेलो, तर तिने मूठ घट्ट मिटली.

"विझव ती."

"आई, धर गं!"

"तुझ्या हातून नको. इलिंका देईल. फोन कर तिला, अडीच तास मी कशीही काढते."

मला राग आला गं. आजारी माणसावर ओरडलो. "आणि मी कोण? तुला भरवतो कोण, तुझी पाठ पुसतो कोण?"

"तू रोजचाच आहेस रे," ती म्हणाली. "तिला मी कुठे रोज बघते?"

आणि तिने काढले अडीच तास. भिंतीवरच्या घड्याळावर डोळे लावून एकेक श्वास ओढत राहिली. हळूहळू श्वास सुरळीत झाला. मग मला विचारते, "विमान चुकलं का रे तिचं?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? फोन घेऊन मी बाहेर गेलो होतो, पण केलाच नव्हता. केला असता तर तू तिकडे परक्याच्या स्वयंपाकघरात रडत बसली असतीस, एवढंच.

इलिंका, 'येऊ नकोस, तुझंही तिकडे अवघड आहे' असं लिहायला बसलो होतो. ते हातून उतरत नाही. 'ये' लिहून तू येऊ शकणार नाहीस, हेही कळतं. पण तिची मूठ माझ्याने उघडत नाही.

खिशात काडेपेटी घेऊन झोपणारा,
तुझा रोजचाच दादा,
तोआदेर