अकरा नव्हे, बारा

४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. आईच्या गुडघ्याला नवीन औषध लागू पडलं हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, बरं वाटतंय म्हणून औषध बंद करायचं नसतं. वहिनींच्या चष्म्याच्या दुकानाची नवी पाटी लागली का, तेही कळव.

आमच्याकडे अंदाजाचे दिवस सुरू झाले. बास्केटबॉल लीगमधले सोळा संघ पुढच्या हंगामात साठांपैकी किती सामने जिंकतील, ते पंचवीस सप्टेंबरला जाहीर होईल. तोपर्यंत मला कुठल्याही खेळाडूशी फोनवर बोलायला बंदी आहे आणि सख्खा भाऊ हाही खेळाडूच, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. पत्रांना मात्र मुभा दिली. आजकाल पत्र लिहून गुपित फोडण्याइतका धीर कोणात उरलेला नाही, असं त्यांचं मत. शिवाय तुझ्यामुळे माझ्या पडद्यावर संघांची आणि खेळाडूंची नावं झाकून नुसते क्रमांक ठेवले आहेत. मी तुझे आकडे रोज बघत असेन, पण तुझे म्हणून नाही.

एक गोष्ट विचारायची होती. कोर्टाच्या छताला लावलेले कॅमेरे प्रत्येकाची जागा सेकंदाला पंचवीस वेळा टिपतात. एक खेळाडू आहे, क्रमांक एकशे चौदा. चांगला आहे, पण गेल्या हंगामाच्या दुसऱ्या निम्म्यात हा माणूस अकरा वेळा खेळ चालू असताना जागेवर उभा राहिला. सहा ते नऊ सेकंद. बाकीचे नऊ जण दुसऱ्या टोकाला धावताहेत आणि हा बाजूच्या रेषेजवळ खांबासारखा. मग एकदम पूर्ण वेगाने पळायला लागतो. कामचुकार म्हणावा तर बाकी वेळ सगळ्यांत जास्त धावतो. याला किती मिनिटं खेळायला मिळतील ते मला भरायचं आहे आणि हे थांबणं कशात बसवावं कळत नाही. तू कोर्टावरचा माणूस. खेळाडू असं का करेल?

आईस शि. सा. न. लोभ आहे, तो कमी करू नकोस.

तुझी बहीण

---

११ ऑगस्ट

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाटी लागली. तिच्यावरचा चष्मा वाकडा लागला आहे, पण हे तुझ्या वहिनीला सांगायची माझी छाती नाही. आई औषध घेते. तू लिहिलंस म्हणून घेते. मी महिनाभर ओरडत होतो ते फुकट गेलं.

तुझ्या त्या खांबाचं म्हणशील तर, बाई, माणसाच्या बुटाची लेस सुटते. माझीही सुटते. तुमच्या कॅमेऱ्यांना माणूस वाकलेला दिसत नाही, नुसता ठिपका दिसतो, म्हणून तुम्हाला त्यात गूढ सापडतं. त्याला भरपूर मिनिटं दे आणि मोकळी हो. बिचाऱ्याच्या पोटावर पाय आणू नकोस.

हे तू साहेबांना दाखवलंस का? उगाच विचारतो. लेस सुटल्याचा अहवाल गेला तर त्याची चेष्टा होईल, एवढंच. आणि तुझ्या यंत्राला सांग, अकरा नव्हेत, बारा असतील. एवढी मोठी कॅमेऱ्यांची फौज, एखादं निसटलंच असणार.

सराव पंधरा सप्टेंबरला सुरू होतो. नवे कोच म्हणाले, या वयात असा दम त्यांनी पाहिला नाही. यंदा पहिल्या पाचांत मी पक्का. चौतिसाव्या वर्षी, लक्षात घे.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, लिहायची गरज नाही तरी लिहितो.

दादा

---

१७ ऑगस्ट

सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरी नाही. कारण पुढे कळेल.

दादाने मला गमतीत लिहिलं की मी मोजलेल्या अकरा गोष्टी बारा असतील. मी मोजण्यात चूक करत नाही, म्हणून रागाने पुन्हा बघायला गेले. उपांत्य फेरीच्या एका सामन्यात एका टोकाचा कॅमेरा साडेतीन मिनिटं बंद होता. ती मिनिटं मी धरलीच नव्हती. ऑफिसच्या कपाटातून टीव्हीवरच्या प्रक्षेपणाची प्रत काढून बघितली. चेंडू दुसरीकडे असल्यामुळे चित्राच्या अगदी कडेला दोन पाय दिसतात, गुडघ्यापासून खाली. सात सेकंद ते हलत नाहीत. बुटाची लेस बांधलेली आहे. डाव्या नडगीवर तो व्रण आहे, लहानपणी कुंपणावरून पडल्याचा.

तर बारा आहेत, हे फक्त त्यालाच माहीत असू शकतं.

तुम्हाला तीन प्रश्न विचारते. तो घरी कधी मध्येच थांबतो का, जिना चढताना, सामान उचलताना? कधी चक्कर आल्याचं बोलला आहे का? गेल्या जानेवारीनंतर त्याच्या वागण्यात काही वेगळं आहे का? जे दिसलं असेल तेवढंच लिहा, अंदाज नको. आणि त्याला एवढ्यात काही बोलू नका.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
तुमची नणंद

---

२१ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

गिऱ्हाइकांच्या मध्ये मध्ये लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

तुम्ही दिसलं तेवढंच लिहा म्हणता. मे महिन्यात आम्ही कपाट वरच्या मजल्यावर नेत होतो. मधल्या वळणावर यांनी कपाट टेकवलं आणि कठड्याला धरून उभे राहिले. ओठ पांढरे झाले होते. मी विचारलं तर म्हणाले, तुझे कपडे एवढे जड आहेत याचा शोक करतोय. मी हसले. वन्सं, मी हसले.

चक्कर हा शब्द यांनी कधी काढला नाही. पण एप्रिलपासून आंघोळीला जाताना दाराची कडी लावत नाहीत. विचारलं तर म्हणाले, कडी आखडली आहे. मी स्वतः कडी लावून पाहिली, लोण्यासारखी सरकते. आता कळतं आहे, आत काही झालं तर दार फोडायला लागू नये म्हणून.

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते मी, कोणाला काय दिसत नाही ते सांगते. आणि मलाच दिसलं नाही. सासूबाईंना काही बोलले नाही. त्यांनी हे एकदा सोसलं आहे. तुमचे बाबा गेले तेव्हा यांचं वय सोळा आणि तुमचं आठ ना? यांना त्यावर बोललेलं चालत नाही.

काय करायचं ते लवकर सांगा.

तुमची वहिनी

---

२४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल मी तुला चार वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. नियम मोडल्याचं मी साहेबांना सांगणार आहे.

एकशे चौदा तू आहेस. बारावी वेळ मला सापडली.

बाबांबद्दल लिहिते, तुला आवडत नसलं तरी. बाबा शाळेत कवायत शिकवायचे, मैदानावर पडले, आणि आपल्याला सांगितलं की ऊन लागलं. मी हवामान खात्याच्या जुन्या नोंदींतून त्या दिवसाचं तापमान काढलं. एकवीस अंश. आकाश ढगाळ. दादा, त्या दिवशी ऊन नव्हतंच. आपण अठरा वर्षं उन्हाला दोष देत आलो.

बाबा एक्केचाळीस वर्षांचे होते. मला त्यांच्या वयातून तुझं वय वजा करायची सवय लागली आहे. ऑफिसात जिना चढते तेव्हा मी स्वतःचीही नाडी बघते. हे कोणाला सांगितलेलं नाही.

सरावाला बावीस दिवस आहेत. हृदयाच्या डॉक्टरकडे जा. मशीनवर धावायला लावतील अशी तपासणी करून घे. आडवं निजवून काढलेला ईसीजी चालणार नाही, तो तुझा दरवर्षी चांगलाच येतो. तारीख ठरली की कळव.

तुझी बहीण

---

२९ ऑगस्ट

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

फोन दिसला होता. उचलला नाही, कारण तुझा आवाज ऐकला असता तर हो म्हणून बसलो असतो.

खोटं बोलत नाही आता. ते येतं तेव्हा आधी आवाज जातो. चार हजार लोक ओरडत असतात आणि कोणी बटण दाबल्यासारखं सगळं गप्प. मग पाय आहेत की नाहीत ते कळत नाही. मी रेषेजवळ जातो, म्हणजे पडलो तर खुर्च्यांकडे पडेन, कोणाच्या पायात नाही. मनात आकडे मोजतो. नऊच्या पुढे अजून गेलेलं नाही. तुलाच मोजता येतं असं समजू नकोस.

भीती वाटते, फार वाटते. पण डॉक्टरकडे गेलो की त्या दिवशी सगळं संपलं. मला दुसरं काय येतं सांग. वीस वर्षं मी सकाळी उठून त्या एका गोष्टीसाठी बूट घातले. एक हंगाम दे मला. साठ सामने. मग तू म्हणशील त्या डॉक्टरपुढे आडवा होतो.

मोठा भाऊ म्हणून सांगतो, हे तुझ्याजवळच राहू दे. आजवर तुला शपथ घातली नाही, आज घालतो.

दादा

---

३ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी शपथ मी पाळलेली नाही.

काल सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. एकशे चौदा कोण हे मला समजलं आहे, म्हणून मला या कामावरून काढा, असं सांगितलं. मग बाराही वेळांचे तक्ते टेबलावर ठेवले आणि म्हटलं की या खेळाडूला हृदयाच्या डॉक्टरने तपासल्याशिवाय कोर्टावर उतरू देऊ नये. साहेबांनी एकेक तक्ता उलटून पाहिला. त्यांनी विचारलं, खात्री किती. मी म्हटलं, माझा भाऊ आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुपारपर्यंत कागद तुमच्या संघाच्या डॉक्टरांकडे गेले होते.

तू साठ सामने मागितलेस. आमचं यंत्र तुला सामन्यामागे अठ्ठावीस मिनिटं देत होतं. गेल्या हंगामात त्या बारा वेळा किती मिनिटांच्या अंतराने आल्या, ते मला माहीत आहे. त्यावरून पुढच्या साठ सामन्यांत किती येतील तो भागाकार मी केला. उत्तर तुला लिहिणार नाही. नऊच्या पुढे जायला त्यांतली एक पुरते.

तुला आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास आणि मला ते करायचंच होतं. तू आता माझ्याशी बोलणार नाहीस, हे धरून चालले आहे. वहिनींकडून एक ओळ आली तरी पुरे, की तू घरी आहेस.

रागावलास तरी तुझीच,
बहीण

---

२८ सप्टेंबर

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद, मोजून.

पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पंचवीस दिवस पाळलं. तुझी वहिनी म्हणाली, बहीण-भावात हट्टी कोण याची स्पर्धा असेल तर ती दुकान बंद ठेवून बघायला बसेल.

त्यांनी अंगाला तारा चिकटवून मला मशीनवर धावायला लावलं. चौदाव्या मिनिटाला आलं. या खेपेला मी नऊच्या पुढे गेलो असं म्हणतात. मला सातापर्यंतचं आठवतं. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर माझ्या छातीवर दोन्ही हात दाबून होते आणि तुझी वहिनी काचेपलीकडे उभी होती. तिने आवाज केला नाही. तिचं तोंड मात्र उघडं होतं. ते मी विसरणार नाही.

हृदयाची भिंत जाड झाली आहे. माझी तेवीस मिलिमीटर, असायला हवी त्याच्या दुप्पट. शुक्रवारी छातीत छोटं यंत्र बसवतात, ते लक्ष ठेवेल. खेळ बंद. तुमचा अंदाज पेपरात वाचला, आमचा संघ अकरावा. गेल्या खेपेला चौथे होतो. कोणीतरी माझ्या नावापुढे शून्य मिनिटं भरली असणार. पेपरातल्या त्या अकराकडे बराच वेळ बघत बसलो होतो. अजून राग आहे. तो कधी जाईल याचा अंदाज मात्र काढू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डॉक्टरांनी बाबांचं सगळं विचारून घेतलं. म्हणाले, हे बापाकडून येतं. मग विचारलं, भावंडं किती. मी म्हटलं, एक. पन्नास टक्के, असं ते म्हणाले. तुझी भाषा आहे, तुला कळेल. तू मला मशीनवर चढवलंस आणि स्वतः गेली नाहीस, हे मला न विचारता माहीत आहे. या आठवड्यात जा. शपथ घालत नाही, तुझ्यावर तिचा उपयोग होत नाही.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला त्या दिवशीचे ढग आठवतात.

दादा

---

६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यंत्र नीट बसलं आणि तू भात मागून खाल्लास, असं वहिनींनी कळवलं. बरं वाटलं.

मी काल गेले होते. लहान खोली, एक पलंग, एक पडदा. तपासणाऱ्या बाईंनी डाव्या कुशीवर व्हायला सांगितलं आणि छातीवर गार मलम लावलं. त्या बोलक्या होत्या. त्यांचा मुलगा बास्केटबॉल बघतो, त्याचा संघ यंदा अकरावा येणार म्हणून घरात सुतक आहे, असं सांगत होत्या. मग एका जागी त्यांनी हात थांबवला आणि बोलणंही थांबलं. पडद्यावर दोन खुणा करायच्या की मधलं अंतर मिलिमीटरमध्ये कोपऱ्यात उमटतं. तेच एक अंतर त्यांनी तीन वेळा मोजलं. मग डॉक्टरांना बोलावून आणते म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. पडदा चालूच होता. मान थोडी वर केली असती तर आकडा दिसला असता.

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला फिकट हिरवा रंग आहे, एका ठिकाणी पोपडा निघाला आहे. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा आकडा वाचला नाही.

डॉक्टर आले, त्यांनीही तिथेच मोजलं आणि गुरुवारी अकराला या म्हणाले. बरोबर घरचं कोणीतरी आणा, असंही म्हणाले. मी विचारलं, सगळ्यांनाच आणायला सांगता का. ते म्हणाले, गुरुवारी बोलू.

मला भीती वाटते आहे. हे वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं.

तुला इतक्यात प्रवास करू देतील की नाही, मला माहीत नाही. तू डॉक्टरांना विचारून ठरवावंस, असं मी लिहायला हवं. तसं लिहीत नाही. ये.

तुझी बहीण