मथुरेला चढावर पळू द्यावे

चढावर पळून माझ्या हृदयातले छिद्र वाढले, की चढावर पळत होते म्हणूनच ते इतकी वर्षे गप्प राहिले? मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही येत नाही. छिद्र जन्मापासूनचे आहे, एवढेच ते खात्रीने सांगतात.

मी, रत्नप्रभा दशरथ घाडी, वय तेवीस, बी.ए., राहणार टेकडीवरची चाळ, घाटकोपर पश्चिम, येत्या गुरुवारी शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात दाखल होत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी बळजबरी केलेली नाही आणि मरण्याचा माझा विचार नाही. तरी माझ्यामागे घरात वाद नको, म्हणून हे लिहून ठेवते.

१. खोली बाबांच्या नावावर आहे. तिच्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. बँकेतली शिल्लक आई-बाबा दोघांची मिळून. माझे पदवीचे प्रमाणपत्र बाबांकडे राहावे. गिरणी सुटल्यापासून ते वॉचमन आहेत. टेकडी चढून दम खायला आमच्या दारात जो टेकतो, त्याला ते भिंतीवरचे ते प्रमाणपत्र दाखवतात. घरातली पहिली पदवी आहे. त्यांना कोणी थांबवू नये.

२. सपाट रस्त्यावरच्या शर्यतीत मिळालेले माझे एकमेव पदक, तिसऱ्या क्रमांकाचे, माझे प्रशिक्षक सहदेव सर यांना द्यावे. त्यांच्या लेखी तेच खरे. चार वर्षे ते माझ्यावर ओरडत आले, "घाडी, सपाटीवर तू सासरी निघाल्यासारखी पळतेस!" बोरिवलीला कान्हेरीच्या चढावर मी शेवटच्या वळणाला सगळ्यांना मागे टाकले, तेव्हा मात्र म्हणाले, "आणि आज काय गं, माहेर दिसलं?" त्या एका वाक्यासाठी त्यांच्यावरचा सगळा राग मी सोडला आहे. चढाची पदके मथुरेला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला.

३. आईला माझे मनगटी घड्याळ, लोखंडी कपाट आणि एक राहिलेले उत्तर.

आमच्या टेकडीवर मुलगी खाली द्यायची रीत आहे, जिथे नळ दारात असेल अशा सपाटीवर. मला कांदिवलीचे स्थळ आले होते. मुलाची आई अर्ध्या पायऱ्यांवरच बसली आणि म्हणाली, "मुलगी बघायला बोलावलंय की गड बघायला?" ते तिथेच मोडले. मी त्या बाईंना क्षमा केली आहे, आईला अजून जमलेले नाही. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आईने मला विचारले, "आमी जल्मभर पाण्यासाटी चडलंव, आनि तू हौसेन चडतंस?"

उत्तर असे आहे, आई. सपाट रस्त्यावर पुढे गेलेल्या सगळ्या मुलींच्या पाठी दिसत राहतात. चढावर फक्त पुढचे वळण दिसते. महागडे बूट घातलेली मुलगी आणि मी, दोघींनाही तिथे सारखीच धाप लागते. आणि तू हंडा घेऊन चढायचीस तेव्हा कळशी घेऊन मी तुझ्या मागे असायचे. पावले लहान टाकायची, वर बघायचे नाही, हे मला सरांनी नाही, तू शिकवलेस. तोच चढ रिकाम्या हातांनी चढताना मला उडाल्यासारखे वाटते. म्हणून हौस.

४. हे कलम माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. माझा आजार कळला त्या दिवसापासून आईने मथुरेचे पळणे बंद केले आहे. "एका चेडवाच्या काळजाक डोंगरान भोक पाडल्यान. दुसऱ्याच्या पाडूक देवचंय नाय." मथुरा सतरा वर्षांची आहे, चढावर माझ्याहून चांगली पळते, आणि महिनाभर ती खिडकीत बसून आहे. माझे काही बरेवाईट झाले तर दोष टेकडीला देऊ नये आणि मथुरेला चढावर पळू द्यावे, अशी माझी इच्छा आहे.

परंतु बहिणीचे पळणे ही माझी मालमत्ता नाही, आणि आई कागदाचे ऐकणार नाही. म्हणून काल मी दोघींना घेऊन माझ्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मथुरेची छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला, फोटो काढला आणि आईला सांगितले, "हिचं हृदय ठणठणीत आहे. खुशाल पळू द्या."

आई म्हणाली, "माका नको सांगू. देवाच्या फोटोकडे बघून सांग."

भिंतीवर गणपतीचे कॅलेंडर होते. डॉक्टर उठले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि तेच पुन्हा बोलले.

५. माझे पळायचे बूट वरील मालमत्तेत धरू नयेत. ते आज सकाळी मी मथुरेच्या पायात घातले. पुढे कापूस कोंबावा लागला. आई दारात उभी होती. तिने अडवले नाही. "उतारार सांबाळून गो," एवढेच म्हणाली. मथुरा वर गेली आहे.

रत्नप्रभा दशरथ घाडी

हे सर्व तिने आम्हाला वाचून दाखवले आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. यातले आम्हाला काहीही मिळायचे नाही.

विमला राणे, मैत्रीण (सपाटीवर पळणारी)
रामनाथ लोके, शेजारी

घाटकोपर, रविवार, २२ नोव्हेंबर १९८७