वाट मोकळी झाली

लेट्रिम,
रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय डिम्फना,

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. गाई थंडीसाठी गोठ्यात घेतल्या. फोन केला नाही, कारण मॅलकी दिवसभर स्वयंपाकघरातच असतो आणि नवऱ्यासमोर हे बोलता येत नाही.

सहा तारखेच्या शनिवारी मी आले नाही, ते आमच्या वाटेवरच्या अ‍ॅशच्या तीन झाडांमुळे. तीन उन्हाळे त्यांचे शेंडे वाळत होते, सालीवर काळपट चट्टे पडले होते. मी काही म्हटलं की मॅलकीचं एकच, "माझी झाडं मला कळतात." आदल्या दिवशी, शुक्रवारच्या वादळात मधलं झाड कलंडलं आणि शेजारच्याला टेकून वाटेवर लटकत राहिलं. घरातून बाहेर पडायला दुसरी वाट नाही, तुला ठाऊकच आहे.

झाडं तोडणारा फेलिम त्या झाडापलीकडूनच ओरडला, "रोगानं लाकूड बिस्किटासारखं झालंय! वर चढायचं नाही, खालून जायचं नाही. माणसाला वर उचलणारं मशीन गुरुवारी मिळेल."

सहा दिवस! आम्ही दोघं, एका टेबलाशी, बटाटे सोलत.

खरं सांगते. मी नुसती दोन दिवसांसाठी येणार नव्हते गं, कायमचीच येणार होते. पलंगाखाली बॅग भरून ठेवली होती. मंगळवारी ती त्याला सापडली. बुधवारी सकाळी करवत घरघरली. धावत गेले, तर हा त्या झाडाला शिडी लावून वर!

"मॅलकी, वेड लागलं का? उतर खाली!"

"तुला जायचंय ना? मग वाट नको?"

"उद्या मशीन येतंय!"

"सव्वीस वर्षं थांबलीस. आणखी एक दिवस कशाला?"

तेवढ्यात वरची फांदी कडकन तुटली आणि शिडीला घासून खाली आली. तो खोडाला बिलगला, तोंड पांढरंफटक. आणि मी, जिथं जाऊ नका म्हणून फेलिमनं बजावलं होतं, तिथंच जाऊन शिडी धरली. एकेक पायरी सांगत त्याला उतरवलं.

गुरुवारी फेलिमनं मशीनच्या पाळण्यात उभं राहून तिन्ही झाडं तुकड्यातुकड्यांनी उतरवली. मॅलकीनं गाडी वाटेकडे तोंड करून लावली आणि गोठ्यात निघून गेला.

गाडी अजून तशीच उभी आहे. वाट बंद होती तेव्हा बरं होतं. झाडाला दोष देता येत होता. आता येते म्हणवत नाही, आणि येत नाही असंही लिहवत नाही.

माझ्यासाठी ठेवलेली तुझ्याकडची ती खोली दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

तुझीच, अजून इथलीच,
अट्रॅक्टा